पोहताना बोलणाऱ्या मामी

सुभेदारीण मामी पाण्यात गप्प राहिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. दहिवडीजवळच्या आमच्या तलावात त्या लुगड्याचा काचा मारून, चष्म्यासकट उतरायच्या आणि लगेच त्यांची बडबड सुरू. कुणाची सून रुसली, कुणाच्या लेकाने मुंबईत काय दिवे लावले, सगळं पोहता पोहता. "बोलत ऱ्हायाचं गं," त्या सांगत. "बोलायला दम घ्यावाच लागतो. मग बुडायला सवड कुठं हाय?"

फौजेत होते ते मामा. हुकूम सोडायची सवय मात्र मामींना. पंचेचाळिशीत मी त्यांच्या तावडीत सापडले. लहानपणी विहिरीत गटांगळ्या खाल्ल्यापासून मी कमरेवर पाणी येऊ दिलं नव्हतं. मामींनी दोन महिन्यांत पोहायला शिकवलं, पण तलावाच्या मध्यावरची बुडालेली बाभळ दिसली की मी माघारी. त्यातच त्यांच्या लेकाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. मामी हट्टाला पेटल्या. "जायच्या आदी तुला पल्याड न्हेणार!"

शेवटच्या रविवारी बाभळीपाशी मी नेहमीसारखी वळले. शेजारून मामी हळूच म्हणाल्या, "तुझी सासू लग्नाआदी एकाबरोबर पळून गेलती, ठावं हाय?"

मी बुडता बुडता वाचले. "कुणाबरोबर?"

"पल्याड सांगते," म्हणत त्या सुसाट पुढे.

सासूबाईंची अशी बातमी अर्धी टाकून कोणती सून माघारी फिरेल? मी त्यांच्यामागे सुटले. भीतीची आठवण झाली ती पायाला पलीकडचा चिखल लागल्यावर.

"सांगा, कोण होता तो?"

"मला काय ठावं?" मामी पदर पिळत म्हणाल्या. "तुझ्या सासूचं म्हायेरबी मला ठावं न्हाई."

परतताना सबंध तलावभर मी त्यांच्याशी भांडत आले. मामी खूश. "बघ, लागलीस बोलायला!"

परवा पुण्याहून त्यांचा फोन आला. "हितं सोसायटीत निळंशार पाणी हाय. पर बाया कानात काय तरी घालून पवत्यात. एकबी बोलत न्हाई." मी हसले. मग लक्षात आलं, एवढंसं सांगताना मामी दम घ्यायला तीनदा थांबल्या होत्या. तब्येतीचं विचारलं, तर म्हणाल्या, "विषय बदलू नगंस. तळं आटायच्या आत येते मी."

मला फार भीती वाटली. तलावावर मी अजूनही रोज जाते. पण आधी काठावर उभी राहून पाणी किती उतरलं ते बघते.