बंद गॅसवरची भाकरी

“मावशी, तो हात पदराखाली घ्या. फोटोत येतोय.”

मी घेतला. लगेच. एवढी चपळाई मला उभ्या आयुष्यात जमली नव्हती. डोळ्यांसमोर रिक्षा निघून जाते तेव्हासुद्धा मी अशी हलत नाही.

मागच्या हिवाळ्यातली सकाळ. नवीन पनवेलातल्या विशेष मुलांच्या शाळेचं स्वयंपाकघर. ओट्यासमोर आमची मुलं रांगेत उभी. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, गळ्यात कोरे एप्रन, हाताला पीठ. पीठ मोठ्या मॅडमनी स्वतः लावलं होतं, नवरदेवाला हळद लावावी तसं, बोटाबोटाला. प्रत्येकाच्या पुढ्यात पोळपाट आणि लाटणं, मध्ये मळलेल्या पिठाची परात. शेगडीवर तवा. तव्यात तांदळाची भाकरी. गॅस बंद.

ती भाकरी पोळीभाजी केंद्रातून आली होती. डब्यातून काढून तव्यात ठेवलेली. गार.

“पाहुणे जाईपर्यंत गॅसला कुणी हात लावायचा नाही. कळलं ना?” मॅडम म्हणाल्या.

“कळलं.”

खरं सांगू? मला बरं वाटलं. सुटले म्हटलं. मी आगीला भिते.

माझा डावा हात. लहान असताना खेळता खेळता चुलीत पडले. बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. आता तो हात नाही, पळी आहे. तेव्हापासून घरच्यांनी मला चुलीपासून लांब ठेवलं. लग्नसुद्धा हात पदराखाली घेऊनच झालं. फोटोत बघा, नवरी नटूनथटून उभी आहे आणि हात एकच. मला वाटायचं, कुणाला कळलं नाही. अख्ख्या गावाला माहीत होतं. न कळलेली एकटी मीच, शहाणी.

सासरी भाकरी शिकले. उजव्या तळव्याने थापायची, डाव्या पळीने फिरवायची. लाटणं मला झेपत नाही, भाकरी झेपते. पण काडी कधी ओढली नाही. चूल जाऊबाई पेटवायची, पुढे गॅस आला तो सून पेटवायची. तोवर मी हंड्याआड. नातवंडं विचारतात, “आजी, वाघ गेला का?” हसा मेल्यांनो. तुमच्या आजीने अख्ख्या लग्नांच्या भाकऱ्या थापल्या आणि काडीला शिवली नाही. असा पराक्रम दुसऱ्या कुणाच्या घरी असेल तर दाखवा.

शाळेत मी लागले ती भांडी घासायला. शिकवणाऱ्या बाई मुलांना लाटणं धरायला लावायच्या आणि जयूच्या हातून ते उडून माझ्या मोरीत यायचं. जयू वीसेक वर्षांची, आमच्या सुकापूरचीच. जन्मापासून तिचे हात थरथरतात, मान कलते, शब्द एकेक करून बाहेर येतो. डोकं मात्र विळीसारखं. एक दिवस मी लाटणं परत दिलंच नाही. म्हटलं, “सोड ते. परात घे. थाप.”

थापली तिने. वाकडी, जाड, पण भाकरी.

तेव्हापासून मी भांडी घासणारी आणि शिकवणारी मावशी झाले. काम वाढलं. मान होता तिथेच.

तांदळाची भाकरी तव्यात टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि ते सुकलं की उलटायची. आधी उलटली तर फाटते, उशीर झाला तर तडकते. तो क्षण जयूला कसा सांगायचा? डोळे तव्यावर ठेवावे तर मान वळत नाही. माझी आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत धवले गायला बसायची. तिची एक ओळ मी गुणगुणायला लागले. भाकरीवर पाणी फिरलं की ओळ सुरू, ओळ संपली की भाकरी उलट. जमलं. पुढे जयू लायटरही शिकली, दोन्ही हातांच्या मुठीत धरून. बाई तिच्याजवळ उभ्या राहायच्या. मी दारात उभी राहून गुणगुणायचे.

दारात का? दारातून पळता येतं.

आता जयूला हे कशाला हवं होतं ते सांगते. तिची आई मासळी विकते. पहाटे पाटी घेऊन पनवेलच्या बाजाराला जाते, परतते दुपार कलल्यावर. बापाचा पत्ता नाही. शाळा नसेल त्या दिवशी जयू घरात एकटी. म्हणून आई जाताना सिलेंडरचा रेग्युलेटर काढते आणि पिशवीत घालून बाजारात नेते. पोरीने गॅसला हात लावू नये म्हणून. घरात पीठ, पाणी, तवा, भूक, सगळं आहे. आग आईच्या पिशवीत. जयू दुपारपर्यंत पाण्यात बुडवून बिस्किटं खाते.

मला ती एकदा म्हणाली, “आजी. मला. गरम. खायचंय.”

आईला मी समजावलं. ती म्हणाली, “काकी, माझ्या डोल्यानी बघीन, मंग ठेवीन रेग्युलेटर घरी. तोवर नाय.” म्हणून त्या सकाळी तिला बोलावलं होतं. बाजार बुडवून आली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी, काखेत पिशवी. पिशवीत रेग्युलेटर.

आणि लेकीच्या समोर गार शेगडी.

पाहुणे आले. शाळेला देणगी देणाऱ्या बिल्डरची बायको आणि तिच्या मागे चार माणसं, सगळ्यांचे मोबाईल वर. ती बाई परकी नव्हती. आमच्यातलीच, कोन गावची माहेरवाशीण. तिच्या आईला मी काठवटीत भाकऱ्या थापताना पाहिलंय. भाकरीसमोर लाटणी मांडलेली तिने बघितली. मी तिच्याकडे बघत होते. तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिला कळलं. भाकरी कोण लाटतं? पण ती जयूच्या शेजारी उभी राहिली, लाटण्याला हात लावला आणि फोटोसाठी हसली.

मग तिने तव्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला. “वॉव, सॉफ्ट आहे. यांनी केली?”

“मुलांनीच,” मॅडम म्हणाल्या.

“नाय,” जयू म्हणाली.

हा शब्द तिला एका झटक्यात येतो.

मॅडम हसल्या. “गंमत करते ती.”

मी पुढे झाले, जयूची टोपी सरळ करायला. पदर घसरला. बाईने माझा हात बघितला आणि मॅडमकडे वळली. मी तिथे नाहीच, अशी बोलली. “पिठाला यांचा हात लागतो? हायजीन बघा हं मॅडम. मुलांचं ठीक आहे, बिचारी. पण बाहेरच्यांना वाटू नका हे.”

मी हात परत पदराखाली घेतला. कुणी सांगितलंही नव्हतं. वळणच तसं. मारकुट्या मास्तरच्या वर्गातला पोरगा छडी दिसायच्या आधी हात पुढे करतो ना, तशी मी मागे करते.

दारातून जयूची आई म्हणाली, “बघितलं. चल जयू.”

जयू हलली नाही. ती आईकडे बघत नव्हती, मॅडमकडे नाही, बाईकडेही नाही. कललेल्या मानेने माझ्या पदराकडे बघत होती. हात गेला तिथे.

ते बघणं मला सोसलं नाही.

मी हात बाहेर काढला. सरळ पिठाच्या परातीत घातला. म्हटलं, “बंद गॅसवर भाकरी होत नाय, बाई. तुमाला ठाव हाय. तुमी कोन गावच्या.”

दाराकडे बघितलं, तर दार जयूच्या आईने भरलेलं. पळायची वाट बंद.

“जयू,” मी म्हटलं, “पेटव.”

“मावशी! काही झालं तर जबाबदार कोण?” मॅडम ओरडल्या.

“मी.”

आवाज माझा नव्हता, उंदराचा होता. पण शब्द तोच निघाला.

जयूने गार भाकरी उचलून बाजूला टाकली. लायटर दोन्ही मुठींत धरला. टक. नाही. गॅसचा वास आला. टक. नाही. चुलीतला तो दिवस डोळ्यांपुढे, आईची किंकाळी कानात. टक. भप्पकन ज्वाळ आली आणि मी उडून मागच्या कपाटावर आदळले. डबे खणखणले. कुणीतरी हसलं. हसू दे.

जयू थापायला लागली. तिच्या कोपरापासून पीठ हलत होतं. भाकरी तव्यात पडली, वरून पाणी फिरलं. मी ओळ सुरू केली.

आणि भीतीने माझी ओळ पळाली. आत्याने ऐकलं असतं तर जोडा हाणला असता. पाणी अजून चकाकत होतं आणि माझी ओळ संपलीसुद्धा.

जयूने भाकरी उलटली नाही.

“आजी,” ती म्हणाली. “घाई. नको.”

मग तिने स्वतः गुणगुणायला घेतलं. फाटका, अडखळता आवाज. ओळ लांबली. भाकरीची कड तडकली, एका बाजूला करपली. उलटताना बोट तव्याला लागलं. “स्स” केलं तिने, पण उलथणं सोडलं नाही.

गॅस तिनेच बंद केला. मी मागे वळून बघितलं तर पाहुणे चहाला गेले होते.

जयूच्या आईने धावत येऊन तिचं बोट नळाखाली धरलं. फोड आला होता. “म्हातारे, पोर भाजवलीस माझी!” आणखी बरंच बोलली, ते इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. भाकरी मात्र तिने ठेवली नाही. पदरात बांधली आणि जयूला ओढत निघाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात सिलेंडर नव्हता. मॅडम म्हणाल्या, “यापुढे भेळ, सँडविच. आगीशिवाय. आणि मावशी, तुम्ही फक्त भांडी बघा.”

तरणी असते तर ‘बरं मॅडम’ म्हणून घासणी उचलली असती. हात लपवणाऱ्या त्या नवरीला दुसरं येतच काय होतं? मी म्हटलं, “भेळ तुमी शिकवा.” चपला घातल्या आणि निघाले. जिना उतरताना कठडा सोडला नाही. तेही लिहून ठेवते, उगाच झाशीची राणी समजाल.

काही दिवसांनी पहाटे जयूची आई माझ्या दारात. पाटी डोक्यावर, हातात रेग्युलेटर.

“रोज इचारते, आजी कवा येल. धर. पन तू समोर बसायचंस. तिला एकटी सोडायची नाय.”

तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्या शाळेआधी जाते. रेग्युलेटर बसवते. जयू लायटर धरते, मी दारात बसते, ती भाकरी करते. तिच्या बोटावर डाग राहिलाय. तो ती माझ्या हाताशेजारी धरून बघते. भाकरी झाली की गॅस बंद, रेग्युलेटर काढायचा, माझ्या पिशवीत.

मोठी गुरू झाले होते मी. दारात बसून मान डोलवायची. काल जयूने भाकरीचा तुकडा तोंडात घातला, माझ्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, “आजी. तू. बाहेर.”

मला राग आला. एवढं केलं हिच्यासाठी! तणतणत घरी आले, पिशवी खुंटीला अडकवली. आत रेग्युलेटर खणकन वाजला. आणि मग मला दिसलं. आग आधी आईच्या पिशवीत होती, आता माझ्या पिशवीत आहे. जयूचं काय बदललं? शाळेत बंद शेगडी बघून हायसं वाटणारी ती म्हातारी गेलेली नाही. इथेच आहे. पोरीच्या चुलीवर राखणीला बसली आहे, आणि त्याला माया म्हणते.

उद्या मी रेग्युलेटर जयूच्या हातात देणार. तिथेच ठेवणार, परत आणणार नाही. आज संध्याकाळी तिच्या आईला हे तोंडावर सांगायचंय. शिव्या देईल. खाईन. ऐकेल की नाही, माहीत नाही. रेग्युलेटर आज तरी माझ्याकडे आहे.

उद्या सकाळी दार बाहेरून ओढून घेणार. आतून लायटरची टक ऐकू येईल. दुसरी येईल. मध्ये काहीच ऐकू येणार नाही, ते सगळ्यात वाईट. मी पायरीवर बसेन, दोन्ही हात मांडीवर, उघडे. येणारे-जाणारे बघतील. बघू देत.

आतून किंकाळी आली तर जाईन. भीती आली तर जाणार नाही.