रुमालाखालचा पगार

फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या स्टँडवर होते. डिझेलची टाकी फुटली, माझा थोरला भाऊ बबनदादा गेला, एवढंच कळलं. निमगाव सावाला पोचले तर दादाच्या वेल्डिंगच्या शेडचा पत्रा रस्त्यापलीकडच्या कांद्यात पडला होता. भिंतीवरचं रक्त कुणीतरी पाण्याने धूत होतं. मी त्याच्यावरच ओरडले... कुणावर तरी ओरडायचंच होतं. टाकी रिकामी दिसली तरी आधी पाणी भरून आतली वाफ काढायची, मगच वेल्डिंग, हे दादा आयटीआयमध्ये शिकला होता. घाईतल्या एका ड्रायव्हरने थांबायचं सोडून स्वतःच आपल्या ट्रकच्या टाकीला वेल्डिंग लावलं. दादाने धावत येऊन त्याला लाथेने बाहेर उडवलं. ड्रायव्हर वाचला.

दादा तसा मारकुटाच. त्या स्वभावाचं मूळ बेल्ह्याच्या बैलबाजारात आहे. आमचे वडील, अण्णा, बैलांचे दलाल. रुमालाखाली दोघांनी हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आयटीआय करून दादा आला, तेव्हा अण्णांनी एका गॅरेजवाल्याशी त्याचा पगार असाच रुमालाखाली ठरवला. महिन्याने कळलं, लोखंड उचलणाऱ्या गड्यालाही तेवढाच. दादाने मालकाचं नाक फोडलं आणि अण्णांनी भर बाजारात दादाला चाबकाने फोडून काढलं. शर्ट रक्ताने पाठीला चिकटला तरी तो जागचा हलला नाही.

"मी बैल न्हाई, अण्णा. दोन वर्सं शिकलोय. माझा पगार तोंडानं बोला."

"शिकला म्हंजी शिंगं फुटली का तुला?" अण्णा म्हणाले.

पुढे कंपनीत राबून त्याने ही शेड टाकली. शिकलेल्याला जास्त पगार, तोही सगळ्यांदेखत सांगायचा. न शिकलेल्याला आयटीआयला पाठवायचा, परतला की पगार वाढवायचा. चुकलं की मात्र कानाखाली. त्याच्या त्या हाताचा मला फार राग यायचा... आता तोच हात आठवतो. अण्णांनी शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही शेड पुन्हा उघडली. अण्णाही येऊन बसले. एक वेल्डर काम मागायला आला, तर अण्णांनी सवयीने खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार, तोच त्यांनी रुमाल ओढून मांडीखाली दाबला.

"आयटीआय केलाय का?"

"व्हय."

मग अण्णांनी पगार सांगितला, इतक्या मोठ्याने की पलीकडे कांदा काढणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.