मामांचं अल्ब्युमिन

नापास होणं हा प्रकार माझ्या मामांच्या जन्मपत्रिकेतच नव्हता. कुंडलचे हे निवृत्त सुभेदार. सगळं जग म्हणजे एक मोठी भरती आहे आणि पास करणारा साहेब कुठेतरी टेबलामागे बसलेलाच असतो, अशी त्यांची ठाम श्रद्धा. तरुणपणी सैन्यात जाताना वजन कमी पडत होतं, तर काट्यावर चढण्याआधी त्यांनी डझनभर केळी रिचवली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि पास झाले. तेव्हापासून परीक्षा म्हणजे आदल्या तासाची तयारी, हे त्यांचं शास्त्र. मला बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी त्यांनी मला अंगणात अर्धा तास सावधान-विश्राम करायला लावलं. डोळे तपासायला गेले, तर पुढच्या माणसाच्या मागे उभं राहून अक्षरांचा तक्ताच पाठ केला. चष्मा लागला नाही म्हणून मिशीवर ताव देत निघाले आणि वाटेत सायकल शेजाऱ्याच्या कडब्यात घातली.

सत्तरी उलटल्यावर त्यांच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. मी सांगलीत शाळेवर होते, त्यामुळे दवाखाना माझ्याकडे आला. डॉक्टर सरळ बोलणारे होते. गाठ काढता येईल म्हणाले, पण या वयात नुसती गाठ बघून भागत नाही. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरलेलं असलं तर जखम धड भरत नाही, आणि म्हातारा माणूस ऑपरेशनमधून उठला तरी पुढे टिकेल याचा भरवसा राहत नाही. मामांचं उतरलं होतं. महिन्याने पुन्हा तपासू, चढलं तर ऑपरेशन, नाहीतर नाही, असं ठरलं.

झालं! मामांना परीक्षा मिळाली. मामीने महिनाभर दूध, मटकी, पायाचा रस्सा यांचा नुसता मारा केला. अंगावरचा सदरा दिवसेंदिवस सैल होत होता, पण हे पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं प्रथिन कसं चढतंय ते ऐकवत होते. तपासणीच्या दिवशी तर कहरच केला. सांगली स्टँडवर मला रिक्षा बघायला पाठवलं आणि तेवढ्यात गाड्यावरची आठ उकडलेली अंडी आणि दोन पेले दूध पोटात घातलं. पुढे काठोकाठ भरलेली घागर न्यावी तसे स्वतःला सांभाळत चालू लागले. दंडातून सुई निघाली आणि तपासनिसाच्या बुटांवर सगळा ऐवज बाहेर आला. तोंड पुसत त्यालाच विचारतात कसे, "रगत घेतलंस न्हवं? मग झालं."

आकडा आधीपेक्षाही खाली आला होता. डॉक्टरांनी त्यांना जवळ बसवून समजावलं. हे प्रथिन यकृत तयार करतं, आणि आजाराने जोर धरला की ते कमीच तयार होतं, खाण्याचा त्याला फारसा आधार नाही. मामा मान खाली घालून ऐकत राहिले.

"म्हंजे अनफिट?"

"ऑपरेशनला, हो."

"तसं लिवा मग," मामा म्हणाले. "पर किती दिस उरल्यात ते सांगू नगा. न्हाईतर मी त्याचीबी तयारी करत बसंन."

डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परतीला मी शाळा बुडवून त्यांच्याबरोबर एस.टी.त बसले. एरवी हा माणूस गाडीत चढला की ड्रायव्हरपासून कोंबडीवालीपर्यंत सगळ्यांना शिस्त लावायचा. त्या दिवशी त्यांनी खिडकी मला दिली, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे झोपून गेले. मला फार भरून आलं. कुंडल आलं, माणसं उतरली. कंडक्टर आमच्याजवळ आला, बारीक घोरणाऱ्या मामांकडे बघितलं आणि गाडी सोडायच्या घंटीची दोरी न ओढता तसाच दारात जाऊन उभा राहिला. मला त्यांना उठवायचं होतं, पण हात काही होईना.