दुसरं मडकं

एका पाहुण्याला गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेलो होतो. आमच्या गावाकडच्या गाडीचा कंडक्टर मला पाहून खाली उतरला आणि तिकिटांची पेटी काखेत सावरत म्हणाला, "मास्तर, तुमचा बाबालाल चक्कीवाला गेला न्हवं का. काल दुपारीच माती झाली." 'तुमचा' हा शब्द त्यानं सहज वापरला. गावातल्या कुणी तो माझ्यासमोर वापरला नसता. मी पाहुण्याचा नीट निरोपही घेतला नाही, तसाच त्या गाडीत चढलो. कोल्हापूरपासून गावापर्यंतच्या रस्त्यावर एक सरकारी पाटी लागते, तिथं महाराष्ट्र संपतो. त्या पाटीजवळ आलो की इतकी वर्षं माझ्या मस्तकाची शीर तडतडायची. त्या दिवशी पाटी कधी मागं पडली ते कळलंही नाही. बाबालालचाचाच्या दारात पोचलो तेव्हा घरात दोन-चार बायका होत्या. त्याची बायको खैरूनचाची भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "उशीर केलास बाबा." ती कशाबद्दल बोलत होती, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सीमाभागातलं, नदीकाठचं, मराठी बोलणारं गाव. राज्यं भाषेवार झाली तेव्हा ते म्हैसूरच्या बाजूला राहिलं. बाबालाल शिकलगार तरुणपणी कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायला शिकला, तिथूनच एक जुनं ऑइल इंजिन बैलगाडीत घालून गावी आणलं आणि पिठाची चक्की घातली. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. बोलायला कमी, पण कामात एक नंबर. महिन्यातून दोनदा दगडांना स्वतः टाकी लावायचा. पाटीतलं धान्य हातात घेतलं की ते कुणाच्या शेतातलं, हे त्याला सांगावं लागत नसे. "ह्यो माळावरचा जोंधळा, पाटलाचा," किंवा "वैनी, औंदा हरभरा बारीक पडला की तुमचा," असं तो जाता जाता बोलायचा. बायका हसायच्या. त्यात एवढं काही भयंकर असेल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

सीमेचा निवाडा करायला आयोग येणार अशी बातमी आली, तेव्हा मी कोल्हापुरात कॉलेजात होतो आणि अंगात नुसती आग होती. सरकार सार्वमत घेत नाही, तर आपणच घेऊ, असं गावानं ठरवलं. कल्पना माझी नव्हती, पण ती आपलीच आहे अशा थाटात मी गावभर फिरलो. चक्कीच्या आतल्या खोलीत दोन मडकी ठेवली. चुन्याचा पट्टा ओढलेलं महाराष्ट्राचं, तांबड्या कावेचा पट्टा ओढलेलं म्हैसूरचं. प्रत्येक जाणत्या बाईनं, गड्यानं आपल्या घरचा एक दाणा घेऊन यायचा, एकट्यानं आत जायचं, हव्या त्या मडक्यात टाकायचा आणि बाहेर यायचं. मका, हरभरा, घेवडा... घरात असेल तो. आमच्या घरातून आम्ही चौघं गेलो, दादा म्हणजे माझे वडील, थोरला भाऊ, मी आणि आव्वा. माझी आई मूळची कानडी मुलखातली, म्हणून आम्ही तिला आव्वा म्हणायचो. वाटेत तिनं मला विचारलं, "लाईन कुठनं जाणार रं? माझ्या आईच्या घराच्या अल्याडनं का पल्याडनं?" मी तिला चारचौघांत झापलं. असल्या वेळी माहेर कसलं आठवतं तुला, म्हणालो. ती पदर सारखा करून चालायला लागली.

दुपारी सगळा गाव चक्कीसमोर जमला. पंच बाहेर घोंगडीवर बसले होते. मडकी बाहेर आणायला चाचा एकटा आत गेला. चक्की त्याची, आणि त्याच्या शब्दावर गावाचा भरवसा. थोडा वेळ लागला. मग तो दोन्ही मडकी घेऊन आला, चुन्याचं मडकं घोंगडीवर रितं केलं आणि कावेचं सगळ्यांसमोर पालथं करून दाखवलं. एक दाणासुद्धा पडला नाही. मोजणी झाली, आकडा यादीशी जुळला. गुलाल उधळला गेला. त्या दाण्यांची पुरचुंडी बांधून मीच कोल्हापूरला आणली, एका सभेत व्यासपीठावर उंच धरली आणि "आमचा एकमुखी कौल" म्हणून भाषण ठोकलं. 'एकमुखी' हा शब्द पुढं प्रत्येक निवेदनात मी घातला. टाळ्या खूप पडल्या होत्या. आज त्या आठवल्या की तोंड कडू होतं.

आयोगाचा अहवाल आला आणि आमचं गाव होतं तिथंच राहिलं. मग पुन्हा मतदान घ्यायची मागणी पुढं आली. मडक्यातले दाणे सरकार मानत नाही, तर या खेपेला कागद करू. नावानिशी, अंगठ्यानिशी, कोल्हापूरचे वार्ताहर बोलावून, फोटो काढून. छापील अर्ज मीच इथून छापून नेले. ग्रामसभेत सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात चाचा उठला आणि म्हणाला, "एकदा झालंय. पुन्हा नगं." का? दहा जणांनी दहा तऱ्हेनं विचारलं. तो आपला टोपी हातात घेऊन उभा. शेवटी एवढंच म्हणाला, "माझ्या चक्कीत न्हाई आन् माझ्या अंगठ्यानं न्हाई." त्याचा आडमुठेपणा पाहून दोन-तीन म्हातारेही बिचकले. राहू द्या म्हणाले. सभा फिसकटली. आणि मी... मी सभेतून उठून त्याच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "चाचा, तुमची भाषा तरी कुठली? मराठी का कानडी? तुम्हाला काय फरक पडतोय?" ज्यानं मला खांद्यावर बसवून जत्रेत नेलं, ज्याच्या घरी मराठीशिवाय दुसरी भाषा कधी ऐकली नाही, त्या माणसाला मी हे विचारलं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "बरं," आणि निघून गेला.

त्यानंतर गावानं त्याची चक्की वाळीत टाकली. असं ठरवायला सभा लागली नाही. माझं ते वाक्यच पुरलं. त्याला पलीकडून काही मिळालं असणार, असं लोक उघड बोलायला लागले. सुट्टीत मी स्वतः चक्कीच्या वाटेवर उभा राहायचो आणि बायकांना माघारी लावायचो. एक दिवस आव्वा डोक्यावर पाटी घेऊन आली. मी म्हणालो, "मागं फीर." ती पाटीसकट उभी राहिली. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. चाचा आतून बघत होता. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, वळली आणि शेजारच्या गावच्या चक्कीकडं दोन मैल चालत गेली. त्याच उन्हाळ्यात चाचाच्या लेकीचं लग्न झालं. गावातलं कुणी गेलं नाही. उरलेलं अन्न नदीत सोडावं लागलं, हे मला नंतर कळलं, आणि खोटं कशाला सांगू, कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

दिवस गेले. नवी पोरं आली, त्यांना जुनं भांडण ठाऊक नव्हतं. गावात नवी आलेली विजेची चक्की वारंवार बंद पडायची, म्हणून लोक हळूहळू चाचाकडं परत यायला लागले. कुणी माफी मागितली नाही. मी कोल्हापुरात शाळेत लागलो, शाहूपुरीत दोन खोल्या घेतल्या. दादा गेले, मग आव्वा गेली. आव्वाच्या मातीला चाचा आला होता, लांब उभा होता. मी त्याच्याशी बोललो नाही. अलीकडं सीमेचा प्रश्न पुन्हा तापला आणि मीही पेपरांत पत्रं लिहायला लागलो, की आमच्या गावात पुन्हा एकदा खुलं मतदान घ्या, या खेपेलाही कौल एकमुखीच येईल.

गेल्या दिवाळीनंतर चाचा माझ्या दारात उभा राहिला. इंजिनाचा एक भाग करून घ्यायला उद्यमनगरात आला होता. जन्मभर पीठ छातीत गेलेलं, दोन पायऱ्या चढला तरी धाप. पाणी प्यायला, चहा नको म्हणाला.

"तू पेपरात लिव्हतोयस. वाचून दाखवलं पोरानं," तो म्हणाला. "म्हनून आलो. त्या दिशी दुसऱ्या मडक्यात दाणं हुतं."

मला आधी कळलंच नाही. "किती?" मी विचारलं.

"मूठभर. आत जाऊन उचललं तर वाजलं. हात घातला आन् बघितलं. बघाय नगं हुतं. दाणा बघितला की घर कळतंय की मला. नावं लिव्हून दिल्यासारखीच..." तो दम खात थांबला. "शेजारच्या गावात त्याच महिन्यात एकाची कडब्याची गंजी पेटवली हुती, उलटं बोलला म्हनून. हितं तर सगळा गाव भायेर गुलाल घिऊन उभा. म्या त्यातलं ह्यात ओतलं आन् भायेर आलो."

"आणि चाचा, तुमचा दाणा?"

"चुन्याच्या मडक्यात. दुसरीकडं कुठं टाकू?"

मी चिडलो. इतकी वर्षं सोसलंत, लेकीचं लग्न तसं झालं, एकदा तरी तोंड उघडायचं होतंत, असं काहीबाही बोललो. तो शांतपणे म्हणाला, "कुणाला सांगू? तुला? त्या टायमाला तू कसा हुतास, ठावं हाय न्हवं?"

मग जायला उठला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "त्यात एक तांबडा मका हुता."

बारक्या दाण्याचा तांबडा मका गावात एकाच परसात होता. आव्वानं त्याचं बी माहेरून पदरात बांधून आणलेलं. त्या दिवशी आम्ही चौघांनी एकाच कणसाचे चार दाणे सोलून घेतले होते. चाचा म्हणाला, "कुणाचा ते मला ठावं न्हाई. वैनी हुत्या तवर सांगायचं न्हवतं, एवढं खरं." वैनी म्हणजे आव्वा. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली ती गेलीच. चाचापेक्षाही दुसरीच गोष्ट मला खाते. ज्यांनी कावेच्या मडक्यात दाणा टाकला, त्यांनी ते मडकं पालथं होताना पाहिलं. चाचानं काय केलं, हे त्या मूठभर माणसांना त्याच क्षणी कळलं. त्यानं पुन्हा मतदानाला नको का म्हटलं, हेही कळलं. आणि त्यातला एकजणही त्याच्यासाठी बोलला नाही. काहीजण तर माझ्याबरोबर चक्कीच्या वाटेवर उभे असतील. आव्वाही बोलली नाही. ती पाटी घेऊन चाचाकडं बघत उभी होती, ते मी आता हजार वेळा आठवतो. तिचा मला राग येतो. पण ती बोलली असती तर मी तिचं काय केलं असतं, हे आठवलं की राग तिच्यावरून माझ्यावर येतो. चाचाची माफी मागायला जायचं म्हणून मी तीनदा गाडीची वेळ पाहिली. गेलो नाही. तोंड कसं दाखवायचं, हेच ठरेना. तेवढ्यात कंडक्टर भेटला.

आठवड्यानं गावात शोकसभा झाली, चाचाच्याच चक्कीत. इंजिनाचा पट्टा काढून भिंतीला टांगला होता, पिठाचा वास तसाच होता. भाषणं सुरू झाली. चाचानं गावाचा एकमुखी कौल जाहीर केला, चाचा सीमालढ्याचा साक्षीदार, वगैरे. बहिष्काराचं अवाक्षर कुणी काढलं नाही. मग एक तरतरीत तरुण उठला आणि म्हणाला, "चाचांच्या नावानं आपण पुन्हा एकदा मतदान घेऊया. नावानिशी, अंगठ्यानिशी. मोजायला मास्तर हाईतच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडं पाहिलं.

मी उठलो. "मी मोजणार नाही," म्हणालो, "आणि नावानिशी मतदान घेऊही नका."

"का?"

मी परत खाली बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, "कोल्हापुरात बिऱ्हाड केल्यावर गावाचं काय पडलंय ह्यांना." लोक हसले. भिंतीकडेला बसलेली चार-पाच म्हातारी माणसं तेवढी हसली नाहीत. ती खाली मान घालून बसली होती. मी त्यांच्या तोंडांकडं बघायचं टाळलं. खैरूनचाची दारात उभी होती. ती आत निघून गेली.

परत येताना गाडीत नुसता तडफडत होतो. मलाच असं बोलतात, ज्यानं यांच्यासाठी जन्म घालवला त्याला... उलट सुनवायला हवं होतं, असं दहादा वाटलं. चाचानं हेच इतकी वर्षं सोसलं, तेही माझ्या तोंडून सुरू झालेलं. मला तीन आठवडे निघाले नाहीत, हा लेख लिहायला बसलो. गावातलं कुणी वाचत असेल तर त्यानं एवढं समजून घ्यावं, की आपला कौल एकमुखी नव्हता, तसं मी लिहीत आलो ते खोटं होतं, आणि त्या मुठीतला एक दाणा आमच्या घरचा होता. बाकीची घरं चाचानं मला सांगितली नाहीत. सांगितली असती तर आज मी तीही लिहून बसलो असतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.