सुभेदारांची पडद्यावरची बहीण

कोरेगावजवळच्या जत्रेत, सिनेमाच्या तंबूत लालासाहेबांना त्यांची बहीण भेटली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि ती दहा हात उंच होती. ती पडद्यावर आली तशी जनरेटरची धडधड थांबली, तंबूमागचे बैल रवंथ करायचे विसरले आणि विडी ओढणाऱ्यांनी नाकापर्यंत आलेला धूर परत गिळला. असं निदान लालासाहेब सांगतात. तिचं नाव इंदू. वहिनीचं ऐकून भाऊ तिला ऐन भाऊबिजेला घराबाहेर काढतो, आणि ती ओवाळणीचं ताट उंबऱ्यावर ठेवून निघून जाते. सगळा तंबू रडला. लालासाहेब मात्र उभे राहून ओरडले, "इंदे, आमच्या घरी चल!"

त्यांना सख्खी बहीण नव्हती. पुढे ते फौजेतून सुभेदार होऊन परतले, ऊस लावला. पण दर भाऊबिजेला मोबाइलवर तोच सिनेमा लावायचे आणि ताटाचा प्रसंग आला की उठून गोठ्यात जायचे.

"शेजारचा हरिबा गेला तवा टिपूस न्हाई," बायको राहीबाई म्हणायच्या, "आन् ह्या पडद्यावरच्या बाईसाठी गोठा भिजीवताय व्हय?"

"हरिबा बांध कोरत हुता. इंदीनं काय केलंय कुणाचं?"

गेल्या वर्षी गुडघा दाखवायला ते मिरजेला गेले. दवाखान्यात ऐंशी उलटलेल्या एक बाई नर्सला झापत होत्या. तो आवाज कानावर पडला आणि सुभेदार गुडघा विसरून ताडकन उभे राहिले. इंदूचं काम केलेली नटीच होती ती! मिरजेतच एकटी राहायची. सुभेदार पाठच सोडेनात, तेव्हा ह्यांना एकदाचं वाटेला लावावं म्हणून बाईंनी पत्ता देऊन टाकला.

आठवड्यावर भाऊबीज होती. सुभेदारांनी हिरवी इरकल घेतली. बाई आपल्याला भाऊ म्हणून ओवाळतील का, ह्या घोराने त्यांचं जेवण तुटलं. नटीच्या घरात ताम्हन असेल-नसेल, म्हणून राहीबाईंनी ताट, निरांजन, कुंकू, सुपारी सगळं पिशवीत भरलं.

भाऊबिजेला दोघं मिरजेला बाईंच्या घरी पोचले. बाईंनी साडी उलटीपालटी करून बघितली. "कुठला सिनेमा म्हणालात?"

सुभेदारांनी नाव सांगितलं.

"आठवत नाही हो. वर्षाला सहा-सहा करायची मी तेव्हा. रडायला ग्लिसरीन घालायचे, डोळे चुरचुरायचे, तेवढं आठवतं."

राहीबाई उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

"तुमचं ग्लिसरीन असंल, बाई," सुभेदार म्हणाले. "आमचं खरं हुतं. साठ वर्सं झाली, आमी अजून त्या उंबऱ्यातच हाय."

 बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. "निरांजन आणलंय ना? लावा."

बाईंनी ताट उचललं, राहीबाईंनी ते खालून धरलं. बाईंनी ओवाळलं. "औक्षवंत व्हा, दादासाहेब."

"आवं, लालासाहेब..." राहीबाई कुजबुजल्या.

"गप गं. भन हाय, काय बी म्हणंल."

परतताना एसटीत कंडक्टरने काही विचारलं नव्हतं, तरी सुभेदारांनी त्याला सांगितलं, "भनीकडं गेल्तो."

यंदा भाऊबिजेला ते पुन्हा मिरजेला गेले. दाराला कुलूप होतं. बाई फेब्रुवारीतच मुलीकडे पुण्याला राहायला गेल्या, असं शेजारणीने सांगितलं. पत्ता तिच्याकडेही नव्हता.