कंडक्टरचा आपटा

अप्पाराव एसटीतून निवृत्त झाले आणि चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की आता आपलं कुणीच ऐकत नाही. नोकरीत होते तेव्हा जालना–तीर्थपुरी गाडीत त्यांचा शब्द म्हणजे कायदा होता. त्यांनी "पुढं सरका" म्हटलं, की माणसं, बायका, पाट्या, पायाला बांधलेल्या कोंबड्या, सगळं मुकाट पुढं सरकायचं. घंटी एकदा वाजवली की गाडी थांबायची, दोनदा वाजवली की निघायची. मग मागून कुणी धोतर सावरत पळत येवो, नाहीतर लेकरू कडेवर घेऊन. आणि आता खापरगव्हाणच्या पारावर त्यांनी तोंड उघडलं, की लोकांना घरची कामं आठवायची.

त्यात गाव त्यांना 'कंडक्टर' म्हणे. ते त्यांच्या जिव्हारी लागायचं. गावात काकासाहेब होते, ते सरपंच. पलीकडच्या वाडीत अण्णासाहेब होते, ते सोसायटीचे चेअरमन. आपल्याही नावाला तेवढं 'साहेब' लागावं, एवढीच या माणसाची हौस. अप्पासाहेब. आंघोळीच्या दगडावर बसून ते स्वतःलाच एकदोनदा तशी हाक मारून बघत, आणि कानाला ती गोड लागे. पण गावाची जीभ काही वळेना. पाराला लागून किराणा दुकान असलेला बद्रीनाथ तर मुद्दाम लांबून ओरडायचा, "ओ कंडक्टर, एक हाफ द्या." पारावर हशा पिकायचा, आणि अप्पाराव घरी येऊन गोजरबाईवर, म्हणजे बायकोवर, डाफरायचे.

ब्याण्णव साली जालन्यातल्या एका संस्थेनं 'स्वयंसेवी माळी' तयार करायचं मनावर घेतलं. गावोगावच्या माणसांना बागकाम शिकवायचं, मग त्यांनी आपापल्या गावात फुकट झाडं लावून समाजाचं भलं करायचं, असा बेत होता. ग्रामपंचायतीला निरोप आला, एक माणूस पाठवा. काकासाहेबांनी पारावरून नजर फिरवली. गावात सगळ्यात रिकामा कोण, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

शिबिर जालन्याच्या मस्तगड भागात एका मंगल कार्यालयात भरलं. खाली घासूनपुसून लख्ख केलेली शहाबादी फरशी. माती म्हणाल तर औषधालाही नाही. एका कुंडीत एक जास्वंद होती, तेवढीच काय ती बाग. रोज नवे पाहुणे येत. त्यांच्या हस्ते ती जास्वंद कुंडीतून उपटून पुन्हा त्याच कुंडीत लावली जाई, आणि टाळ्या पडत. समारोपापर्यंत ती बिचारी वाळून काडी झाली. पण शेवटचे पाहुणे समजूतदार होते, त्यांनी वाळलेलीच लावली. बाकी वेळ एक साहेब फळ्यावर मुळांची चित्रं काढत. झाडाच्या बुडाशी पालापाचोळा पसरला म्हणजे ओल टिकते आणि त्याला 'आच्छादन' म्हणतात, हे अप्पारावांना तिथं कळलं. घरी गोजरबाई कढीपत्त्याच्या बुडाशी नेमकं तेच करायची; पण ती त्याला काहीच म्हणत नसे, म्हणून ते शास्त्रात बसत नव्हतं.

निरोपाला प्रत्येकाला एक हिरवी टोपी आणि छाटणीची कात्री मिळाली. अप्पाराव गावात उतरले ते टोपी घालूनच. त्यांनी जेवायला बसतानाही ती काढली नाही.

"डोकं तापून राह्यलं का?" गोजरबाईनं विचारलं.

"ही जबाबदारी हाय," अप्पाराव म्हणाले.

त्यांच्या घरासमोर ग्रामपंचायतीची थोडी पडीक जागा होती. रोपवाटिकेतून रोपं आली, मजूर लावून खड्डे खणले गेले, आणि मग गावानं एक नवलच पाहिलं. अप्पारावांनी उमेदीची सगळी वर्षं नोकरीत जागा रिकामी न सोडण्यात घालवलेली. दोन झाडांमध्ये मोकळी जमीन दिसली की त्यांना चैन पडत नसे. लिंबाला चिकटून करंज, करंजाला चिकटून सीताफळ, मध्ये फट राहिली तिथं दोन शेवगे उभे. "मागं जागा हाय, बराबर बसते," असं मजुराला सांगत त्यांनी बावीस खड्ड्यांत पन्नासच्या वर रोपं बसवली. शेवटी आपट्याचं एक रोप उरलं. त्याला तर उभं राहायलाही जागा नव्हती. ते त्यांनी नाइलाजानं रस्त्याच्या कडेला, स्वतःच्या घराची मोरी जिथं संपते तिथं खोचलं.

पुढचं सांगायला नको. झाडांनी एकमेकांचे गळे धरले. जी त्यातून वाचली ती शेळ्यांनी खाल्ली. अप्पाराव रोज टोपी घालून बागेत एक फेरी मारत, कात्रीनं हवेत दोनदा खटखट करत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला झाडाचं समाजातलं स्थान समजावून सांगत. पाणी घालणं हे काम त्यांच्या लेखी माळ्याचं नव्हतं. फळ्यावर त्याचं चित्र आलं नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात पडीक जागा पुन्हा पडीक झाली. राहिला तो मोरीजवळचा आपटा.

तो राहिला गोजरबाईमुळे. भांड्यांचं पाणी, तांदळाचं धुवण, आंघोळीचं उरलेलं, सगळं ती त्याच्या आळ्यात सोडायची. भोवती तिनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण रचलं होतं, आणि शेळी आली की ती हातातलं काम टाकून धावायची. मूलबाळ नसलेली बाई. त्या झाडाशी ती बोलत नसे वगैरे, तसलं काही नाही. पण सकाळी उठून दार उघडलं की आधी तिकडं बघायची. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते सगळ्या गावाला दिसत होतं. एका दसऱ्याला, झाड जेमतेम कमरेएवढं असताना, ती नवऱ्याला म्हणाली,

"एक मागते. झाड मोठं झालं, तोडायजोगं झालं, की याचं पयलं सोनं माझ्या ताटात पडलं पाहिजे. तुमच्या हातचं. गावाचं मंग पाहा."

"पडंल की. त्यात काय," अप्पाराव म्हणाले. शब्द द्यायला त्यांना काही पैसे पडत नसत.

दसऱ्याला शीव, म्हणजे गावाची हद्द, ओलांडून परत आलेला पुरुष दारात उभा राहतो, बाई त्याला ओवाळते, आणि तो आणलेलं आपट्याचं पान, म्हणजे सोनं, तिच्या ताटात टाकतो. मग ते देवापुढं जातं, आणि त्यानंतर घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांच्या हातात सोनं द्यायचं, पाया पडायचं. पण खापरगव्हाणात खरा आपटा राहिलाच नव्हता. दरवर्षी कोयते घेऊन जायचं आणि फांदीच्या फांदी उतरवायची, असं करत गावानं शिवारातली सगळी झाडं बोडकी करून मारली होती. आता तीर्थपुरीच्या बाजारातून कांचनाच्या पानांच्या पेंढ्या यायच्या, आणि लोक त्यालाच आपटा म्हणून एकमेकांच्या हातात कोंबायचे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात अप्पारावांचा आपटा पुरुषभर उंच झाला, गच्च भरला. जोडपानं नुसती लसलसत होती. दसरा जवळ आला तशी गावाची नजर तिकडं वळली. संपत नावाच्या गड्यानं तर झाडाकडे बघत बघत कोयत्याला धार लावली. गोजरबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि इथं अप्पारावांच्या डोक्यात वीज चमकली. त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला. कुणी कोयता आणायचा नाही. कुणी झाडाला हात लावायचा नाही. लाईन लावायची, प्रत्येकाला एक पान मिळेल, स्वयंसेवी माळ्याच्या हातून मिळेल.

गाव हसलं; पण खरा आपटा कुणाला नको? दसऱ्याच्या दुपारी, लोक शिवेवरून परत येतानाच, झाडासमोर रांग लागली आणि पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. हिरवी टोपी डोक्यावर, कात्री हातात, सगळ्यांआधी शीव ओलांडून आलेले अप्पाराव झाडापाशी उभे राहिले. त्या क्षणी ते इतके सुखी होते, की नोकरीतही कधी एवढे झाले नसतील. एक पान तोडायचं, द्यायचं. "पुढं सरका. एकालाच एक. घोळका करू नका. पुढं सरका." आणि काय सांगावं, गाव पुढं सरकत होतं.

घरात ताट तयार करायला जाण्याआधी गोजरबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "पयलं तर गेलंच. ती शेंड्याची फांदी तरी माझी. तिला हात लावू नका."

"बिलकुल न्हाई," अप्पाराव म्हणाले.

काकासाहेबांना अर्थातच लाईन नव्हती. गाडीत आमदारांची जागा राखीव असते, तशी त्यांची एक डहाळी राखीव होती, पाच-सात पानांची. मग पंचायतीतले बाकीचे आले, त्यांच्यासाठी छोट्या डहाळ्या. मग वाडीवरची माणसं आली. ऐकून ऐकून पलीकडच्या गावचीही आली. रांग संपेना, आणि अप्पारावांना ती संपावी असं वाटेना. ऊन उतरलं तसं झाड खालून वर उघडं पडत गेलं. कोयता लागला नाही हे खरं. माळ्यानं स्वतःच्या हातानं, एकेक पान करून, शिस्तीत ते सोललं. शेवटी काड्या राहिल्या, आणि शेंड्याला ती एक फांदी.

रांग आटोपली होती. अप्पाराव टोपीनं घाम पुसत होते, इतक्यात बद्रीनाथ आला. बरोबर परतूरचे व्याही, विहीणबाई, आणखी चार पाहुणे. झाडाकडे बघून तो थबकला. मग दोन्ही हात जोडून, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला,

"अप्पासाहेब, जरा उशीरच झाला. पाव्हणे मुद्दाम तुमचं झाड पाहायला आल्ते. आता काय, राह्यलं न्हाई वाटतं."

अप्पारावांना आधी खरंच वाटेना. त्यांनी मागं वळून पाहिलं. दुसरा कुणी अप्पासाहेब तिथं नव्हता.

"राह्यलं न्हाई कसं?" ते म्हणाले, आणि कात्री वर गेली.

पाहुण्यांना पानं मिळाली. बद्रीनाथालाही मिळालं. विहीणबाईंनी दोन मागितली, अप्पासाहेबांनी तीन दिली. शेंड्याची फांदी खाली पडली तेव्हा तिच्यावर काही नव्हतं.

घराकडे दहा पावलं चालल्यावर त्यांना आठवण झाली. दार उघडं होतं. गोजरबाई नऊवारी नेसून उंबऱ्यात उभी होती. ताटात निरांजन, हळदकुंकू, सुपारी. तिनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून झाडाकडे पाहिलं. तिनं काही विचारायच्या आत अप्पाराव बोलायला लागले. पाहुणे आले होते, परतूरचे होते, गावाच्या अब्रूचा प्रश्न होता.

"ओवाळू कशाला?" ती म्हणाली. "शीव ओलांडून तुम्ही काय आणलं?"

तिनं ताट देवापुढं नेऊन ठेवलं. अप्पाराव उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. त्यांना लाज वाटली. खरी, आतून, इतकी की टोपी कधी काढली ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

दिवेलागणीला गाव सोनं द्यायला बाहेर पडलं. अप्पाराव आता वडीलधाऱ्यांत मोडत, शिवाय झाड त्यांचं. म्हणून झाडून सगळे आधी त्यांच्याकडे आले. जो येई तो त्यांच्या हातात पान ठेवी, वाके आणि जाई. संपतनं ठेवलं. काकासाहेबांनी डहाळीतलं एक काढून ठेवलं. ओसरीवर पानांचा ढीग झाला. ज्या मानासाठी हा माणूस इतकी वर्षं झुरला, तो आज रांग लावून पायाशी येत होता, आणि त्याला तिकडं बघवत नव्हतं. सगळ्यात शेवटी बद्रीनाथ आला, एकटाच. पाहुणे त्याच्या घरी जेवायला बसले होते.

"घ्या कंडक्टर, सोनं घ्या," तो म्हणाला, आणि पान ढिगावर टाकून निघून गेला.

अप्पारावांनी दोन्ही मुठी भरून पानं उचलली आणि आत गेले. "हे घे की. त्याच झाडाचं हाय."

"झाड तेच हाय," गोजरबाई म्हणाली, "पण हे लोकांनी दिलेलं. मी तुमच्या हातचं मागितल्तं." आणि ती पुरणाचं पातेलं उतरवायला वळली. जेवण तिनं नेहमीसारखंच वाढलं. पुरणपोळीवर तूपही घातलं.

सकाळी ते उठले तर ओसरी झाडून स्वच्छ होती. ढीग गेला होता. बाहेर गोजरबाई आपट्याच्या बुडाशी बसून पानं पसरत होती. गावाचं सगळं सोनं, काकासाहेबांचं, बद्रीनाथाचं, परतूरकरांचं. झाड वर काड्या काड्या उभं होतं. अप्पाराव ओसरी उतरून जवळ गेले.

"आच्छादन," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

तिनं मान वर केली नाही. "पाणी पाहिजे आता याला. मोरीचं पुरायचं न्हाई."

हापशी गावाच्या दुसऱ्या टोकाला, पारापाशी होती. अप्पारावांनी घरातून बादली आणली. ती भरली, पाराखालून, बद्रीनाथाच्या दुकानासमोरून, गाव दात घासत बघत असताना ती वाहून आणली आणि आळ्यात ओतली. टोपी ते घरीच विसरले होते. पाणी पानांखाली जिरून गेलं. कमरेवर हात ठेवून, धाप टाकत, त्यांनी बायकोकडे पाहिलं. झालं ना, असं त्यांना विचारायचं होतं.

गोजरबाईनं रिकामी बादली त्यांच्याकडे सरकवली आणि बादलीच्या काठावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. अप्पाराव निघाले.