भाग अकरामधली फ्रेंच गाणी

लातूरला बारावी करायला आलेल्या मुलीला गाणं ऐकायची परवानगी नव्हती. मुलाला होती. हे वाक्य आधी लिहून घेते, कारण पुढची गंमत सांगताना मला राग विसरायला होतो.

आमचं वसतिगृह म्हणजे एका मावशींचं दोन मजली घर. पंधरा मुली आणि संध्याकाळी सातला कुलूप. क्लासची उजळणीची बॅच मात्र सात ते साडेआठ. मग मुलींनी काय करायचं? तर कॅसेट ऐकायची. क्लासचा शिपाई सरांच्या टेबलावर रेकॉर्डिंगला टेप ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक जण ती कॅसेट घेऊन चौकातल्या चाचांच्या दुकानी जायची, ते पंधरा प्रती काढून द्यायचे आणि पोरांनी समोर बसून ऐकलेलं आम्ही एक दिवस शिळं ऐकायचो. फी दोघांना सारखीच.

म्हणून टेप सगळ्यांकडे होता, पण त्यावर फक्त सरच वाजले पाहिजेत. गाण्याची कॅसेट सापडली की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गावाकडे. मावशींनी हे वडिलांच्या देखत सांगितलं होतं. वडील म्हणाले, "एकदा परत आली की मग पुन्हा पाठवणं न्हाई." म्हणजे बारावी तिथंच संपली आणि पाहुणे बघायला यायला मोकळे.

आणि माझ्या ट्रंकेत तळाला फ्रान्सची गाणी होती.

आमचं गाव किल्लारीच्या पलीकडे. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो तेव्हा एक फ्रेंच बाई नव्या घरांची मापं घ्यायला आल्या. सगळं गाव त्यांना फ्रान्सबाई म्हणायचं. एक अख्खा हिवाळा त्या आमच्या शेडमध्ये जेवल्या. भाकरी कशी मोडायची ते आईने शिकवलं. ठेच्याचं त्यांचं त्याच शिकल्या, पाणी पीत पीत. परत गेल्यावर त्यांनी दरवर्षी एक कॅसेट पाठवली. एका गायकाची नाही. त्या वर्षी त्यांच्याकडे जी गाणी चालली, त्यातली वीस एकत्र. सोबत इंग्रजीत दोन ओळी: मी बरी आहे, हे आमचं या वर्षीचं.

पहिली आली तेव्हा मी पाचवीत होते. परदेशी गाणं म्हणजे आरडाओरडा असेल असं वाटलं होतं. निघाली एक बाई, कानाशी येऊन बोलल्यासारखी गाणारी, खाली नुसता ठेका. दुसऱ्या गाण्यात एक वाजणारं होतं, आमच्या भजनाच्या पेटीची चुलत बहीण शोभेल असं. तिसरं गाणं भिकार होतं. पण पुढं ढकलायचं तर सेल संपायचे, पेन्सिल घालून फिरवायचं तर हात दुखायचा. म्हणून तेही ऐकलं. दिवाळीपर्यंत मला ते तिसरंच सगळ्यात आवडायला लागलं.

शब्द एक कळत नव्हता. पण चौथ्या वर्षीच्या कॅसेटवर काही पोरं होती, गाण्याऐवजी भराभरा यमकात बोलणारी, आणि ती चिडली होती एवढं नक्की कळत होतं. कुणावर ते कळलं नाही. आपलीच माणसं आहेत असं मात्र वाटलं.

कॅसेटची आणखी एक गोष्ट मला पटली होती. वीस गाणी, वीस गळे. प्रत्येकाला एकच गाणं. लातूरच्या प्रत्येक चौकात त्याच एका पहिल्या आलेल्या पोराचा हसरा फोटो, आणि बाकीचे हजारो गेले कुठे? फ्रान्सबाईंच्या कॅसेटवर विसाव्यालाही पहिल्याएवढीच जागा होती.

त्यातली पहिली कॅसेट मी लातूरला आणून लपवली होती. सर म्हणाले होते, रसायनशास्त्राचे एकूण दहा भाग होतील. म्हणून मी कॅसेट ट्रंकेतून काढून एका रिकाम्या डबीत घातली, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: रसायनशास्त्र, भाग अकरा, आणि बाकीच्या भागांशेजारी फळीवर ठेवली. जो भाग होणारच नाही तो कोण मागायला येतंय? आपल्या हुशारीवर मी महिनाभर खूश होते.

सरांचं दहा भागांत आटोपलं नाही.

खरा भाग अकरा आला त्या दिवशी दुकानात जायची पाळी माझी. क्लासच्या डब्यांवर नाव घालायचं कामही माझंच, त्यामुळे फळीवर दोन डब्या, दोन्हींवर माझंच अक्षर. मी घाईत उचलली ती चुकीची. चाचांना कळायला हवं होतं म्हणाल, तर नाही. ते प्रती दुप्पट वेगात काढायचे. त्या वेगात सर असोत की गाणं, आवाज चिमणीसारखाच.

त्या संध्याकाळी कुलूप लागलं, वह्या उघडल्या, पंधरा टेप जवळजवळ एकाच वेळी चालू झाले आणि सगळ्या घरातून ती कानाशी बोलणारी बाई गायला लागली. कुठून तरी खिदळणं ऐकू आलं. मग जिन्यावर मावशींच्या चपला.

मावशींनी सगळ्यांना अंगणात उभं केलं, मध्ये एक टेप वाजता ठेवून.

"काय गं, हे कुठलं रसायन हाय?"

"फ्रेंच गाणी हायत मावशी. कॅसेट माझी हाय. ह्यांचा काही संबंध न्हाई."

"काय म्हणून राहिली ती बाई?"

"मला न्हाई कळत."

"कळत न्हाई तर ऐकतीस कशाला?"

"तुम्ही सकाळी संस्कृत स्तोत्र लावता, ते सगळं कळतं का?"

मागे कुणीतरी श्वास ओढला. मावशींनी शेजारच्या पोराला पाठवून चाचांना बोलावून घेतलं. ते आले, हात पुसत उभे राहिले आणि टेपला कान लावला.

"बाई, गलती माझी बी हाय. डबल स्पीडला टाकलं, ऐकलंच न्हाई." मग थोडं ऐकून म्हणाले, "हे पाचवं गाणं आपल्याकडच्या पोरानं म्हटल्यावानी हाय. 'कल्ब' म्हणून राहिला. आमच्या उर्दूत कल्ब म्हणजे दिल. ह्यात घाण काय न्हाई, बाई. पोरगं जरा दुःखी हाय."

"मला गाण्याचं सांगू नका," मावशी म्हणाल्या, पण टेप बंद केला नाही. "मग ह्या पोरींचं आजचं रसायन कुठं गेलं?"

"तेच म्हणते मावशी," मी म्हणाले. "टेपवर काय येईल त्याचा भरवसा न्हाई. सरांच्या समोर बसलो असतो तर असं झालं असतं का? दोन महिने झाले, मी खाली दारातल्या फळ्यावर पत्रक लावलंय."

"ते व्हय? आण इकडं."

मी आणलं. मावशी दिव्याखाली उभ्या राहून मोठ्याने वाचायला लागल्या. "या जुलमी, अन्यायी, बुरसटलेल्या..." थांबल्या. "जुलमी कोण? मी?"

माझी चुलत बहीण नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात होती, विद्यार्थी संघटनेत. तिच्याकडे सुट्टीत पत्रकं घडी घालताना ती मला दर वेळी सांगायची: पहिल्या ओळीत मागणी लिही, विशेषणं खोड, विशेषणाला कुणी उत्तर देत नाही. मी ऐकून सोडून द्यायचे. त्या संध्याकाळी मात्र मावशींच्या हातातला कागद घेतला, पेन मागितला आणि तिथंच खोडायला बसले. खोडता खोडता दोन ओळी उरल्या. बॅच साडेआठला सुटते. आम्हाला तिथे बसायचं आहे, कुलूप नऊला लावा.

मावशींनी वाचलं. "एवढंच म्हणायचं हुतं?"

"हाव."

"मग आधी म्हणायचं की. दोन महिने ते वरचं जुलमी वाचूनच मी पुढं जात न्हवते."

मला रडू आलं, रागानेच. सकाळच्या पहिल्या गाडीने जायचं का, ते विचारायला हवं होतं. विचारलं.

"गावाकडं तू गेलीस तर उद्या चाचाकडं कोण जाणार? खरा भाग अकरा आण आधी. आणि ती कॅसेट माझ्या कपाटात. परीक्षा होईपर्यंत."

दुसऱ्या दिवसापासून मावशी स्वतः बॅटरी घेऊन आम्हा पंधरा जणींना क्लासला न्यायच्या आणि साडेआठला न्यायला यायच्या. सर पहिल्यांदा समोर दिसले. टेपवरच्यापेक्षा बुटके निघाले. रविवारी मावशी कुरडया घालायच्या तेव्हा कपाटातून गाणी ऐकू यायची, आणि त्याला काही परवानगी लागायची नाही. हेही लिहून ठेवते.

परीक्षा संपली, मी डबी मागितली. मावशींनी लगेच दिली. गावी येऊन लावली तर सर बोलायला लागले: कालच्या भागात आपण पाहिलं. डबी माझी, आत खराखुरा भाग अकरा. चूक म्हणावी तर मावशींची चूक कधी व्हायची नाही.

त्या पंधरातली एक प्रत एका मैत्रिणीने पुसली नव्हती, ती मिळाली, गाणी गेली नाहीत. आता मी नांदेडला असते, मुलींच्या वसतिगृहांच्या कुलपांच्या वेळांसाठी भांडते, आणि पत्रकं दोन ओळींची काढते. मूळ कॅसेट परत मागणारं एक पत्रक मावशींना लिहायला घेतलं होतं. विशेषणं खोडली, मग मागणीही खोडली, तर कागदावर फक्त त्यांचा पत्ता राहिला.